पाठ टेकायची जमीन

खानदेशात तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या ज्या पट्ट्यात सावदा, फैजपूर, रावेर ही गावे वसली आहेत, तिथली माती केळीला मानवते; कुस्तीला मानवत नाही. ही काळी, खोल माती पावसात फुगते आणि चिकट होते. पाय उचलला की चपलेला धरून वर येते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ढेकळे दगडासारखी होतात. त्यामुळे अशा मुलखात तालीम उभारायची तर चार भिंती आणि मारुतीचा कोनाडा एवढ्याने भागत नाही. आधी जमीन तयार करावी लागते. पडणाऱ्या माणसाला सांभाळून घेईल अशी जमीन करण्याचा हा उद्योग फार जुना आहे, आणि घरातल्या जिमसाठी एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या फरश्या निवडणे हा त्याचाच अलीकडचा भाग आहे.

महाराष्ट्रातल्या तालमीत या जमिनीला हौद किंवा हौदा म्हणतात. खड्डा खणून त्यात चाळलेली तांबडी, भुसभुशीत माती भरायची आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर, काव असे जिन्नस कालवायचे, ही सर्वसाधारण रीत. प्रमाण तालमीगणिक आणि वस्तादागणिक बदलते, पण प्रत्येक जिन्नसाला काम असते. तेलाने आणि ताकाने माती बांधून राहते, धूळ उडत नाही. हळद खरचटलेल्या कातडीसाठी. काव रंगासाठी, आणि थोडी मानासाठीही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाला स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लविद्या राजदरबारी किती मुरली होती, हे त्यावरून कळते.

हौद एकदा भरला म्हणजे झाले असे नाही. माती रोज फावड्याने उकरावी लागते, वरची खाली आणि खालची वर करावी लागते, खडे वेचावे लागतात, कोरडी पडली तर पाण्याचा हबका मारावा लागतो. हे काम नव्या पोरांकडे असते आणि तो व्यायामाचाच भाग धरला जातो. हौद उकरून झाला की खांदे आणि कंबर तापलेली असतात. वेगळा सराव लागत नाही. अशी उकरलेली माती पडणाऱ्याच्या अंगाखाली दबते, बाजूला सरकते आणि धक्का गिळते. अंगाला लागलेली माती घाम शोषते, त्यामुळे पकड सुटत नाही. त्याच मातीमुळे पाय जड होतो आणि डाव सावकाश चालतो. मातीतल्या कुस्तीचा संथ, जोर जोखणारा स्वभाव बराचसा या जमिनीने घडवलेला आहे.

हौदाबाहेरची जमीन साधीच असे. जोर-बैठका शेणाने सारवलेल्या भुईवर निघत, पुढे शहाबादी फरशीवर. लाकडी मुद्गल, करेल, दगडी नाल ही साधने फिरवायची किंवा उचलायची आणि हाताने खाली ठेवायची असतात. ती वरून सोडून देण्याची पद्धत नव्हती. म्हणूनच साधनांसाठी मऊ जमीन करण्याचा विचार जुन्या तालमीत दिसत नाही. मऊ जमीन माणसासाठी होती, लोखंडासाठी नव्हती. फोमच्या फरशीपाशी आल्यावर हा फरक पुन्हा उपयोगी पडतो.

मातीला पहिला मोठा शह बाहेरून मिळाला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. तिथली कुस्ती मॅटवर होती. खाशाबांचे अंग मातीत तयार झालेले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बॅंटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या काळातल्या मॅट म्हणजे घोड्याच्या केसांनी वगैरे भरलेल्या आणि कॅनव्हासने मढवलेल्या जाड गाद्या. कुस्तीच्या मराठीत मॅटला आजही ‘गादी’ म्हणतात, ते उगाच नाही. आत रबर आणि फोम आले तरी शब्द कापसाच्या घरातलाच राहिला.

1961 पासून भरणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. खानदेशाला हा किताब सलग तीनदा मिळवून देणारे विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे. 2014, 2015 आणि 2016 ही त्यांची वर्षे. मोठ्या स्पर्धेची इच्छा धरणाऱ्या मल्लाला म्हणून माती आणि गादी या दोन्ही जमिनी अंगवळणी पाडाव्या लागतात. अडचण पैशाची आहे. आंतरराष्ट्रीय मापाची कुस्तीची गादी 12 मीटर लांब आणि तितकीच रुंद असते. गावची तालीम मुळात एवढी मोठी नसते आणि असली तरी गादीचा खर्च वर्गणीत बसत नाही. मातीला मात्र श्रम लागत, रोकड थोडी.

गादीतल्या भरावाची जागा फोमने घेतली, तशी गोष्ट सावद्याच्या लोकांना केळीच्या व्यापारातून ओळखीची आहे. केळीचे घड ट्रकमध्ये किंवा वॅगनमध्ये भरताना खाली आणि कडेने केळीचाच पाला अंथरायची पद्धत आहे, म्हणजे दिल्लीपर्यंतच्या प्रवासात फण्या घासून काळ्या पडत नाहीत. निर्यातीचा माल खोक्यांत जाऊ लागल्यावर फण्यांच्या मध्ये पातळ फोमचा पडदा आला. पाला फुकट आणि कुजणारा. फोम विकतचा, हलका, सगळीकडे सारख्या जाडीचा.

व्यायामाच्या फरशीचा फोम बहुतेक वेळा ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट. अमेरिकेतल्या ड्यूपॉंट कंपनीने हा पदार्थ 1960 च्या सुमारास बाजारात आणला. चपलांचे तळ, खेळण्यातले ठोकळे, पोहायला शिकवणाऱ्या पाट्या अशा शेकडो वस्तू त्याच्या होतात. दाण्यांच्या रूपातला ईव्हीए, फुगवणारे रसायन, साखळ्या बांधणारे रसायन आणि भर म्हणून खडूची भुकटी एकत्र मळून गरम साच्यात दाबतात. साचा उघडला की लादी भाकरीसारखी टम्म फुगते. आतले हवेचे कप्पे एकमेकांपासून बंद असतात, म्हणून ती पाणी पीत नाही. मग ठशाने तिचे चौकोन कापतात आणि कडांना दाते पाडतात.

या चौकोनांच्या वरच्या अंगावर बऱ्याचदा चटईच्या विणीसारख्या बारीक रेघा दिसतात. त्या जपानमधून आल्या. ज्यूदोची पारंपरिक तातामी भाताच्या पेंढ्याची असते, वर लव्हाळ्याची वीण. ज्यूदो 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला आणि जगभर पसरला. पेंढ्याची चटई सगळीकडे पोचणे शक्य नव्हते, फोमची पोचली. पेंढा गेला, त्याच्या विणीचा छाप राहिला. घसरू नये म्हणून तो आजही कामाला येतो.

महाराष्ट्रात दातेरी फोम घरोघरच्या ओळखीचा होण्यात कबड्डीचा मोठा वाटा आहे. शेजारच्या वऱ्हाडात, अमरावतीला 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम आणि कबड्डीची प्रात्यक्षिके केली, तेव्हा हा खेळ मातीचाच होता. 1990 मध्ये बीजिंगला तो एशियाडमध्ये गेला. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने मॅटवरची कबड्डी टीव्हीवर घराघरांत नेली. पुरुषांचे मैदान 13 मीटर बाय 10 मीटर असते. एक मीटरच्या चौकोनी फरश्या लावल्या तर नुसत्या मैदानालाच 130 लागतात. पंचवीस मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या या फरश्यांवर अनवाणी पाय धरतो आणि कातडी भाजल्यासारखी सोलते, म्हणून मातीत पोसलेल्या खेळाडूंना बूट घालून पळायला नव्याने शिकावे लागले. मैदान उचलून टेंपोत टाकता येते हा मातीला कधीच न जमलेला फायदा.

घरातल्या जिमची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पडतो तो माणूस नव्हे, लोखंड. डंबेल्स आणि बारबेल गावोगावच्या व्यायामशाळांत आले आणि कोटा किंवा सिरॅमिकच्या फरशीचे कोपरे उडू लागले. त्यावर जुने गालिचे, टायरचे तुकडे, ताडपत्री असे जे हाताशी असेल ते उपाय झाले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद झाल्या; महाराष्ट्रात त्या उघडल्या त्या 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. मधल्या सात महिन्यांत ज्यांना जमले त्यांनी घरातली एखादी खोली जिमची केली, आणि तिथली जमीन हा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवावा लागला. तालमीत तो वस्ताद सोडवत असे.

उत्तर ठरते ते फरशीवर काय येणार यावरून. योगासने, जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या, हलके डंबेल्स एवढेच असेल तर 10 ते 12 मिलिमीटर जाडी पुरते. लहान मुले लोळणार, कुस्ती किंवा कराटेचा सराव होणार, तर 25 ते 40 मिलिमीटर. मात्र जाड म्हणजे चांगली हे समीकरण फसवे आहे. जड बारबेल खांद्यावर घेऊन बैठक मारताना पायाखाली मऊ जमीन नको असते. घोटा डगमगतो आणि जोर वाया जातो. भारी वजन खाली ठेवायचे किंवा सोडायचे असेल तर फोम चिरडतो. तिथे टायरच्या चुऱ्याची दाबलेली रबरी फरशीच हवी. गोठ्यात गाई-म्हशींच्या खुरांखाली घालतात ती जाड रबरी मॅटही या कामाला उत्तम. जनावराचे वजन रोज पेलणारी वस्तू डंबेल्सला डगमगत नाही. बऱ्याच खोल्यांत दोन्ही लागतात: लोखंडाच्या कोपऱ्यात रबर, उरलेल्या जागी फोम.

फोमची प्रत अंगठ्याने कळते. अंगठा जोराने दाबून सोडल्यावर खळगा लगेच भरून आला तर माल बरा. खळगा तसाच राहिला तर व्यायामाच्या बाकाच्या पायाखाली तो कायमचा राहणार. नुसत्या वजनावर जाऊ नये, कारण खडूची भर वाढवली की फरशी जड होते, पण ठिसूळही होते; तिचे दाते दोन-चारदा लावले-काढले की तुटतात. दुकानातच दोन फरश्या एकमेकांत अडकवून उचलून पाहाव्यात. फट न ठेवता बसल्या आणि स्वतःच्या भाराने सुटल्या नाहीत, तर ठशाचे काम नीट झाले आहे. माप घेताना दाते सोडून घ्यायचे, नाहीतर शेवटच्या ओळीला बोटभर जागा उरते. दोन फुटी फरश्या घेतल्या तर 10 बाय 12 फुटांच्या खोलीला 30 बसतात. खोली 10 बाय 11 ची असेल तर 25 अख्ख्या आणि पाच अर्ध्या, म्हणजे 28 घ्याव्या लागतात. एक-दोन जास्त घेऊन ठेवलेल्या बऱ्या, कारण वर्षभराने तोच रंग आणि तेच दाते मिळतील असे नसते.

वासाचा मुद्दा कटकटीचा वाटतो, पण त्याला इतिहास आहे. फोम फुगवणाऱ्या रसायनातून फॉर्मामाइड नावाचा पदार्थ मागे राहू शकतो. प्रजननावर त्याचे दुष्परिणाम होतात असे मानले जाते. मुलांच्या पझल मॅटमध्ये तो आढळल्यामुळे बेल्जियमने 2010 च्या अखेरीस अशा मॅटची विक्री थांबवली, 2011 मध्ये फ्रान्सनेही काही काळ थांबवली. पुढे युरोपीय संघाने खेळण्यांतल्या फोमसाठी फॉर्मामाइडच्या मर्यादा घालून दिल्या. नवी फरशी आणल्यावर ती वेष्टनातून काढून काही दिवस सावलीत, वाऱ्यावर मोकळी ठेवावी ही शिफारस त्यातूनच आली. तान्ही बाळे जिथे रांगणार तिथे तपासणीचा दाखला असलेलाच माल घ्यावा.

खानदेशात आणखी एक हिशेब असतो, उन्हाचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत तो उकाडा फोमला सोसत नाही. फरश्या पसरतात, भिंतीला टेकल्या की मधोमध फुगून उठतात. म्हणून चारही बाजूंना अर्धा इंच मोकळी जागा ठेवायची आणि फरश्या खालच्या जमिनीला डिंकाने चिकटवायच्या नाहीत. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तेवढ्या पट्ट्याचा रंग उडतो आणि फोम कडक होत जातो. पावसाळ्यात संकट उलट्या बाजूने येते. तळमजल्याच्या जुन्या फरशीतून ओल वर येते आणि फोम पाणी पीत नसल्यामुळे ती खाली कोंडून राहते. पंधरवड्याने एक कोपरा उचलून पाहिला तर बुरशीचा काळा थर सापडतो. फरश्या सुट्या करायच्या, साबणाच्या पाण्याने पुसायच्या, खालची जमीन पंख्याखाली कोरडी करायची आणि परत लावायच्या. लावताना भिंतीकडच्या मधे आणि मधल्या भिंतीकडे घ्यायच्या, म्हणजे बाकाखालचे खळगे एकाच जागी खोल होत नाहीत.