डिसोझा, नेव्हिल

(३ ऑक्टोबर १९३२ – १७ मार्च १९८०). भारताचे आघाडीचे फुटबॉलपटू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू. मूळ गाव गोव्याच्या बार्देश तालुक्यातले आसगाव. कारकीर्द घडली ती मात्र मुंबईत. बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले.

त्या काळी मुंबईचे फुटबॉल कंपन्यांच्या संघांवर चाले. खेळाडूला पगार मिळे तो नोकरीचा. मुंबईतल्या हार्वुड लीगचे सामने पाहायला कुपरेज मैदानावर कामगार-कारकून गर्दी करत. नेव्हिल आधी टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले, नंतर कॅल्टेक्सकडून. १९५४ साली मुंबईने सर्व्हिसेसला हरवून पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक जिंकला, त्या संघात ते होते. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स करंडकही पटकावला.

त्यांचे नाव इतिहासात राहिले ते १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमुळे. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला होता आणि त्यानंतर अनवाणी खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंना बूट घालणे सक्तीचे झाले. मेलबर्नच्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली.

१ डिसेंबरला उपांत्यपूर्व सामन्यात गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला नेव्हिलनी खाते उघडले. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला नेव्हिलनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, मॉरोने ती पुन्हा फेडली. मध्यंतर होऊन पाचच मिनिटे झाली होती, तोच नेव्हिलनी तिसरा गोल ठोकला आणि हॅटट्रिक पुरी झाली. सहकारी किट्टूच्या चौथ्या गोलने ४–२ असा निकाल लागला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला.

तीनच दिवसांनी उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर. ५२व्या मिनिटाला पहिला गोल झाला तो भारताचा, नेव्हिलच्या पायातून! पण आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. युगोस्लाव्हियाने सामना ४–१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३–० असे हरवल्यामुळे भारत चौथा आला. चार गोल करून नेव्हिल युगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव यांच्यासोबत स्पर्धेतले संयुक्त सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

या कामगिरीचे मोल ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. स्पर्धेत अकराच संघ होते आणि नियम हौशी खेळाडूंचा होता. ब्राझील, अर्जेंटिनाचे व्यावसायिक तारे तिथे येणे शक्यच नव्हते. पण समाजवादी देशांचे खेळाडू कागदोपत्री हौशी असल्यामुळे त्यांचे अव्वल संघ उतरले होते. सुवर्णपदक लेव्ह याशिनच्या सोव्हिएत संघाने नेले. अशा संघांच्या रांगेत कंपनीच्या नोकरीतला मुंबईकर गोलांच्या यादीत अग्रस्थानी होता.

नेव्हिल वयाच्या ४७व्या वर्षी निवर्तले. रहीम यांच्यावरील ‘मैदान’ (२०२४) या हिंदी चित्रपटात नेव्हिल यांचीही व्यक्तिरेखा आहे. भारतीय पुरुष संघ १९६० च्या रोमनंतर ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा हे आजवरचे एकमेव भारतीय होत.