बिनतारी हुकमाच्या नौका

घाटनांदूर हे बालाघाटच्या पठारावरचे गाव. परळी आणि लातूर रोड ह्यांमधील लोहमार्गावरचे एक स्थानक. तेथून समुद्र शेकडो मैल दूर. नौकांची गोष्ट सांगताना ह्या गावाचे नाव का घेतले, असे आपण विचाराल. पण आज ज्या नौकांविषयी मी बोलणार आहे, त्यांना सागराची गरजच नाही. पाऊस बरा झाला की भरणारे गावतळे, फार काय, एखादी पायऱ्यांची बारवदेखील त्यांस पुरते. काठावर उभे राहावे, हातातल्या पेटीची कळ दाबावी, आणि हातभर लांबीची आगबोट पाण्यात डावीउजवीकडे वळावी, असा हा छंद. त्यातले खरे रसिक नवी नौका विकत घेऊन स्वस्थ बसत नाहीत. ते जुन्या, मोडक्या, कोणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या नौका जमवितात आणि पुन्हा चालत्या करतात. ह्यास पोरखेळ म्हणण्यापूर्वी त्याचे कूळ पाहिलेले बरे.

इ. स. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यास भिंतीपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. लहरींकडून दुरून काम करवून घेता येते, हे त्या प्रयोगाने दिसले. पुढे १८९८ साली, अमेरिका-स्पेन युद्धाच्या वर्षी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत्प्रदर्शनात निकोला टेस्ला ह्यांनी हौदात एक लहान नौका सोडली. तिला तार जोडलेली नव्हती, तरी ती वळे, थांबे, दिवे लावी. त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला त्यांस ह्या युक्तीचे ६,१३,८०९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. नौकेच्या पोटात बॅटरी, पंखा फिरविणारे एक यंत्र, सुकाणू फिरविणारे दुसरे, आणि धातूच्या बारीक कणांनी भरलेले एक लहानसे पात्र. लहर आली की कण एकमेकांस चिकटून त्यांतून वीज वाहू लागे. मग पात्र उलटे करून ते पुन्हा मोकळे करावयाचे. प्रत्येक लहरीसरशी एक चक्र एक घर पुढे सरके. एका घरात सुकाणू एका अंगास वळे, पुढच्या घरात थांबे, त्यापुढच्या घरात उलट वळे. हे सरकणारे चक्र आपण ध्यानात ठेवावे. त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

टेस्लांचा डोळा युद्धनौकांवर होता. स्पेनमध्ये तोर्रेस केवेदो ह्यांनी १९०६ साली बिल्बाओच्या बंदरात राजासमक्ष अशीच नौका चालवून दाखविली. पण ह्या विद्येचा सर्वांत अवाढव्य प्रयोग ब्रिटिश आरमाराने केला. ‘सेंच्युरिअन’ ही १९११ साली पाण्यात उतरलेली, १९१६ च्या जटलंडच्या लढाईत असलेली प्रचंड युद्धनौका. १९२७ च्या सुमारास तिच्या तोफा उतरवून तिला नेमबाजीचे लक्ष्य बनविण्यात आले. खलाशी उतरून जात आणि दूर अंतरावरच्या दुसऱ्या एका नौकेवरून बिनतारी हुकूम सुटत. त्या चालविणाऱ्या नौकेचे नाव होते ‘शिकारी’! आपल्या भाषेतला हा शब्द तेथे इतका चपखल बसावा, ह्याची मला नेहमी मौज वाटते. पुढे १९४१ साली सेंच्युरिअनवर खोट्या तोफा आणि खोटे मनोरे चढवून तिला ‘अ‍ॅन्सन’ ह्या नव्या युद्धनौकेचे सोंग देण्यात आले, आणि त्याच वेषात ती आपल्या मुंबई बंदरातही येऊन राहिली. खेळण्याने खऱ्या नौकेची नक्कल करावी हे सर्वांस ठाऊक आहे. येथे खऱ्याच नौकेने दुसऱ्या खऱ्या नौकेची नक्कल केली. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यापुढे लाटा अडविण्यासाठी तिला मुद्दाम बुडविण्यात आले. तिचा आकार आज पाहावयाचा तर चित्रांत किंवा छांदिष्टांनी घडविलेल्या प्रतिकृतींत.

आपल्याकडे ही हानी त्याहून मोठी आहे. कोकणातील मिस्त्री कागदावर नकाशा न काढता नजरेने गलबते बांधीत. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा गुराबांबरोबर त्यांच्या घडणीचे ज्ञानही बरेचसे जळाले असले पाहिजे. जे कागदावर नसते ते वस्तूतच जगते, आणि वस्तू गेली की संपते.

जुन्या बिनतारी नौकांची गोष्ट नेमकी हीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी लोकांनी जे संच बनविले, त्यांतल्या नळ्यांना साडेसदुसष्ट व्होल्टांची कोरडी बॅटरी लागे. सुकाणूस यंत्र नसे. पीळ दिलेला एक रबराचा पट्टा असे. पेटीची कळ दाबली की लोहचुंबकाने अडकण सुटे आणि पट्टा पाव फेरा उलगडे: उजवीकडे, सरळ, डावीकडे, सरळ. मागचे वळण कोणते घेतले हे चालकाने लक्षात ठेवावयाचे. विसरला की नौका काठावर आदळे. टेस्लांचे सरकणारे चक्र ते हेच, फक्त रबरावर चालणारे! पुढे सुरांवर थरथरणाऱ्या पात्यांचे संच आले, मग ट्रान्झिस्टर आले, आणि हाताच्या हालचालीइतकेच सुकाणू वळविणारी यंत्रेही आली.

आता जीर्णोद्धार करणारा काय करतो? बहुधा जुना संच उपटून फेकतो, नवा बसवितो, सांगाड्यास रंग देतो आणि नौका वाचली म्हणतो. मला हे पटत नाही. लाकडाचा सांगाडा पुन्हा करता येतो. रबराची ती अडकण पुन्हा कोण करणार? जुने यंत्र जागेवर राहू द्यावे आणि नवे असे बसवावे की एका पेचाने ते काढून घेता येईल. नौका थोडी जड होते, तेव्हा तळाचे शिसे तेवढे कमी करावे.

आपल्या देशात असे जुने संच मुळातच थोडे. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास मनाई होती, २.४ गिगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या यंत्रांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली, आणि आजचे बहुतेक संच त्याच लहरींवर चालतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील मुले स्पर्धांसाठी नौकांच्या प्रतिकृती बनवितात, तेवढी एक परंपरा आहे. म्हणून कोणाच्या घरी असा एखादा जुना संच निघालाच, तर चालवून पाहण्याची घाई करू नये. आधी आतले सेल काढावेत. गळलेल्या सेलाचा क्षार तांब्याची तार खातो, आणि हिरवा गंज एकदा आतल्या गुंडाळीत शिरला की मग ती उकलून नव्याने गुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते.