माफी कोणी मागायची?

आंबेगाव तालुक्यातले निरगुडसर हे आमचे गाव. मी लहान असताना आजोबा हजला निघाले. त्या काळी मुंबईहून बोटीने जात. निघण्याआधी त्यांनी सगळ्यांचे देणे फेडले, मग घरोघर जाऊन हात जोडले, "बोललं-चाललं माफ करा." माणसाचा केलेला अपराध त्या माणसानेच माफ करायचा असतो, अशी आमच्याकडे शिकवण आहे. आळीतली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, माझंबी चुकलंमाकलं पोटात घाला." मागणे एकच, शब्द मात्र वेगळे.

'माफ' हा शब्द अरबीतल्या 'अफ्व'पासून आला. त्याचा मूळ अर्थ पुसून टाकणे. वाऱ्याने वाळूवरची पावले पुसली जातात, त्यालाही अरबीत हेच क्रियापद आहे. 'क्षमा' संस्कृतातली. क्षम् म्हणजे सहन करणे; म्हणून सगळ्यांचा भार सोसणाऱ्या पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात. क्षमेत अपराध पुसला जात नाही, सोसला जातो. म्हातारीचे 'पोटात घालणे' मला 'मगफिरत'च्या जवळचे वाटते. त्या शब्दाच्या मुळाशी झाकणे आहे.

मराठीत 'माफी' रुजली ती मात्र मशिदीपेक्षा कचेरीतून. सारा माफ, दंड माफ. मराठेशाहीच्या दप्तरात 'गुन्हेगारी' म्हणजे चक्क दंडाची रक्कम. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी गुन्हा आणि माफी लोकांच्या तोंडी राहिलेच. अपराध आणि देणे असे एकाच वहीत आले.

त्या वहीचा जाच पुणे जिल्ह्याने भोगला आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हाती लागले ते त्यांनी जाळले. माफी मागितली नाही, नोंदच पुसली. पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली. शेतमालाचे भाव सरकारी धोरणाने पाडले जातात, म्हणून कर्ज होते, हे त्यांचे म्हणणे. मग शेतकऱ्याचा गुन्हा कोणता? त्यांनी 'कर्जमाफी' हा शब्द नाकारला आणि 'कर्जमुक्ती' मागितली. मुच् म्हणजे सोडणे, बांधलेले मोकळे करणे. २००८ च्या केंद्राच्या योजनेला सगळे कर्जमाफीच म्हणत. २०१९ च्या अखेरीस राज्याने जाहीर केलेल्या महात्मा फुले यांच्या नावाच्या योजनेत मात्र 'कर्जमुक्ती' शब्द आला.

शब्द बदलल्याने सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही, हे मला कळते. पण गावाकडे कर्ज थकले की माणूस पारावर यायचे टाळतो, लग्नकार्यात मागे उभा राहतो. बाजारभाव कोसळला तो त्याच्यामुळे नव्हे. तरी मान त्याचीच खाली. त्याला 'माफ केले' म्हटले की पैसे सुटतात, गुन्हा तसाच राहतो.

आजोबांनी माफी मागितली, कारण बोलण्याचालण्यातली चूक त्यांची होती. त्या माफीत त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्याची चूकच नाही, त्याला माफी देऊ नये. त्याला मोकळे करावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)