मुतखडा, बॉस्टन आणि इंदूर

आमच्या अष्टमीत मुतखडा म्हटलं की लगेच कुळथाचं पाणी! पण खडा वाटेतच अडकून लघवी तुंबली तर? सुश्रुतसंहितेतही शेवटचा उपाय कापून काढणे हाच. 1824 मध्ये पॅरिसच्या सिव्हियालने खडा मूत्राशयातच फोडला खरा, पण तुकडे आपोआप पडायची वाट बघायची. एखादा अडकला की पुन्हा तेच. 1878 मध्ये बॉस्टनच्या बिगेलोने खडा फोडून भुगाही त्याच बैठकीत शोषून काढला.

मुलांच्या नशिबी मात्र सुरीच, कारण त्यांची नळी अरुंद. मला (इंजिनिअर ना!) म्हणूनच बिगेलोपेक्षा कीगन जास्त आवडतो. 1880च्या दशकात, होळकरांच्या इंदुरात, या डॉक्टरने अवजारं बारीक करून पोरांचे खडेही न कापता काढले.