जगातला सर्वांत रुंद रस्ता

दर साल जूनमध्ये आमच्या शाळेत एक तक्ता भरून द्यावा लागतो. नाव, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, आणि मग तो रकाना: 'शैक्षणिक पात्रता'. इतरांना त्यात जागा पुरत नाही; माझे एका शब्दात भागते. मॅट्रिक. गेली बावीस वर्षे मी बालवर्ग सांभाळते आहे, मधल्या काळात तीन कादंबऱ्याही लिहून झाल्या; पण तक्ता तपासणाऱ्याचे बोट दर वर्षी त्या एका शब्दावर येऊन थांबते. तेव्हा पुढची हकीकत मी जरा जास्तच जिव्हाळ्याने सांगत असेन, तर वाचकांनी समजून घ्यावे.

नव्या कादंबरीसाठी मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अमेरिकेतल्या दिवसांची टिपणे काढीत होते. १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे जॉन ड्यूई यांच्या वर्गांना ते बसले, आणि ड्यूईंचे आपल्यावर मोठे ऋण आहे हे त्यांनी पुढे १९३६ साली छापून सांगितले. हे ड्यूईसाहेब तत्त्वज्ञान शिकवीत कोलंबियात. पण रस्ता ओलांडून समोरच्या संस्थेतही व्याख्याने देत. ती संस्था म्हणजे टीचर्स कॉलेज. मधला रस्ता न्यूयॉर्कचा १२० वा. तिथले लोक थट्टेने म्हणत, की हा जगातला सर्वांत रुंद रस्ता आहे! पावलांनी मोजला तर तो इतर रस्त्यांएवढाच. मग रुंद कशाने? हे शोधू गेले आणि कादंबरी बाजूला राहिली.

टीचर्स कॉलेज आज शाळांचे प्रमुख, शिक्षणाधिकारी, सेवाभावी संस्थांचे चालक घडविणारे पदव्युत्तर विद्यालय म्हणून जगभर ओळखले जाते. त्याचा उगम मात्र खेळण्यातल्या केरसुणीत आहे. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतल्या गरीब मुलींसाठी एमिली हंटिंग्टन या बाईंनी एक पद्धत काढली होती. फ्रोबेलच्या बालोद्यानाचे नाव किंडरगार्टन, म्हणून हिचे किचन गार्डन. आपली परसबाग नव्हे! इवल्या बशा, इवल्या केरसुण्या घेऊन मुली गाणी म्हणत घरकाम शिकत. आपल्याकडच्या भातुकलीला कोणी अभ्यासक्रम म्हटले असते, तर तिला हसू फुटले असते. पण तिथे १८८० साली या कामासाठी रीतसर मंडळ स्थापन झाले, आणि त्यात पुढाकार होता ग्रेस डॉज यांचा.

ग्रेसबाईंचा जन्म १८५६ चा. घर गर्भश्रीमंत व्यापाऱ्याचे. शिक्षण म्हणाल तर घरी पंतोजी येत, शिवाय दोनेक वर्षे मुलींच्या एका निवासी शाळेत. बस्स. पदवी नाही, महाविद्यालयाची पायरी नाही. रेशमाच्या गिरणीत काम करणाऱ्या मुलींना जमवून त्यांनी मंडळे काढली; ती मुलींनीच चालवायची, वर्गणीही मुलींनीच भरायची, हा तिथला नियम. १८८६ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळावर पहिल्यांदाच दोन स्त्रिया नेमल्या गेल्या, त्यांतल्या या एक. मुलांना हाताने काम शिकवायचे तर तसे शिक्षक हवेत, आणि ते कुठेच तयार होत नव्हते. म्हणून १८८७ मध्ये, ऐन पंचविशीतल्या निकोलस मरे बटलर या तत्त्वज्ञानाच्या पंडिताला हाताशी धरून त्यांनी शिक्षक तयार करणारी शाळा उघडली. १८९२ पासून तिचे नाव टीचर्स कॉलेज.

त्याच सुमारास कोलंबियाकडे विचारणा झाली, की आम्हांला पोटात घ्या. विद्वानांनी नकार दिला. कारणे दोन: एक, शिक्षण असा काही विषयच नाही, आणि दोन, यामुळे विद्यापीठात बायका येतील, त्या नको आहेत. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि चहा टाकला. रस्ता रुंद कशाने, ते कळले.

मग यांनीही एक केले. त्याच टेकडीवर, विद्यापीठ जिथे नवे घर बांधणार होते त्याच्या दारासमोर, जॉर्ज व्हँडरबिल्ट यांनी जमीन घेऊन दिली आणि १८९४ साली कॉलेज तिथे राहायला गेले. बिऱ्हाडाने सामान मांडल्यावर शेजारी किती दिवस तोंड फिरवणार? १८९८ मध्ये करार झाला. टीचर्स कॉलेज विद्यापीठाचे अंग झाले, पण विश्वस्त आपले, तिजोरी आपली. ती व्यवस्था आजही टिकून आहे. तिजोरीच्या किल्ल्या होत्या ग्रेसबाईंकडे. १९११ पर्यंत त्या कॉलेजच्या खजिनदार होत्या. पदवी देणाऱ्या संस्थेचा जमाखर्च बिनपदवीच्या बाईने लिहिला. १९१४ च्या डिसेंबरात त्या वारल्या. गृहशास्त्रासाठी १९०९ साली बांधलेल्या इमारतीला त्यांचे नाव आहे. इवल्या केरसुणीचे वर्तुळ तिथे पुरे झाले म्हणायचे.

आंबेडकर रस्त्याच्या अलीकडे शिकत होते तेव्हा पलीकडे, १९१५ पासून, एक चिनी तरुण शिकत होता: ताओ. त्या दोघांची कधी गाठ पडली का, हा माझ्यातल्या कादंबरीकर्तीचा प्रश्न; इतिहास त्याला बांधील नाही. मायदेशी परतल्यावर ताओंनी १९२७ साली नानकिंगजवळ श्याओझुआंग इथे खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा काढली. शिक्षक गवताच्या वहाणा घालीत, शेतात राबत. ड्यूई म्हणत शिक्षण म्हणजेच जीवन. ताओंनी वाक्य उलटे केले: जीवन म्हणजेच शिक्षण. नावही उलटे केले. पूर्वी ते झीशिंग, म्हणजे आधी जाणणे, मग करणे. १९३४ पासून शिंगझी, आधी करणे. सरकारने ती शाळा १९३० मध्येच बंद पाडली होती. तरी ताओ थांबले नाहीत. शिक्षक पुरत नाहीत ना? मग ज्या मुलाला चार अक्षरे आली, त्याने ती घरी जाऊन शिकवावीत. अशा मुलांना ते 'छोटे गुरुजी' म्हणत. त्यांच्या स्वतःच्या म्हाताऱ्या आईलाही अक्षरओळख करून दिली ती सहा वर्षांच्या नातवाने.

आमच्या बालवर्गातली एक पोर सध्या तिच्या आजीला सही शिकवते आहे. आजी शाळेत आली होती, बोटाला लागलेली शाई दाखवायला. येत्या जूनच्या तक्त्यात त्या पोरीच्या नावापुढे काय लिहावे, एवढे मात्र मला सुचलेले नाही.