नामांतर झालेली वृत्तपत्रे आणि कोशातील नोंद

अकारविल्हे रचलेल्या कोशाचा सारा डोलारा प्रत्येक विषयास एक नाव असते आणि ते टिकते, या गृहीतावर उभा असतो. परंतु वर्तमानपत्र हे मालक, संपादक, धोरण आणि अंमलदार यांच्या उलाढालींत वाढणारे असल्यामुळे तेथे हे गृहीत टिकाव धरीत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी नागपुरास आरंभिलेल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे असून अक्षरानुक्रम सहाव्यापासून सुरू होतो. अशा क्रमात एकाच पत्राची दोन नावे दोन दूरच्या अक्षरांखाली गेली, तर त्याचे चरित्र दुभंगते आणि वाचकाच्या हाती अर्धेच लागते.

या प्रश्नाची परिचित बाजू मुंबईस दिसते. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ या नावाने निघालेले पत्र १८५९ साली ‘स्टँडर्ड’शी आणि १८६१ साली ‘टेलिग्राफ अँड कुरियर’शी एकवटले, तेव्हा रॉबर्ट नाइट यांच्या संपादकत्वाखाली ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. पत्र आपले वय १८३८ पासून मोजते. परंतु त्यात विलीन झालेल्या पत्रांचा पूर्वेतिहास त्या गणनेत येत नाही, म्हणून त्यांस स्वतंत्र नोंद देणे भाग पडते. ‘लोकमत’चा प्रकार नेमका उलट आहे. बापूजी अणे यांनी १९१८ साली यवतमाळहून काढलेले साप्ताहिक पुढे बंद पडले. जवाहरलाल दर्डा यांनी १९५२ साली तेथूनच त्या नावाने पुन्हा साप्ताहिक सुरू केले, आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरास त्याचे दैनिक झाले. नाव तेच राहिले, परंपरेत मात्र खंड पडला. हा खंड न दाखविणारी नोंद वाचकाची दिशाभूलच करील.

सर्वांत उद्बोधक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांचे होय. ३१ जानेवारी १९२० चा ‘मूकनायक’, ३ एप्रिल १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ आणि २४ नोव्हेंबर १९३० चे ‘जनता’ ही एका चळवळीची असली, तरी पत्रे म्हणून निरनिराळी होत, आणि त्यांना एकाच पत्राची नामांतरे समजणे ही चूक ठरेल. मात्र ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले; हे खरे नामांतर. त्यातही कोशकारास सावध राहावे लागते, कारण ‘प्रबुद्ध भारत’ याच नावाचे इंग्रजी मासिक विवेकानंदांच्या प्रेरणेने १८९६ सालीच मद्रासेस निघालेले होते.

आता मुलचेरा येथील एखादा विद्यार्थी आपल्या मुलखाचा १९५६ सालचा इतिहास धुंडाळू लागला, अशी कल्पना करावी. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चांदा येथे दीक्षा दिली. तिचे वृत्त ‘जनता’त शोधणाऱ्याचे हात रिकामेच राहतील, कारण पत्र नवे नाव धारण करून आठ महिने लोटले होते. मुलखाचेही तेच. मुलचेरा आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुका असला, तरी हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ चा. त्यापूर्वी हा भाग चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, आणि चांदा जिल्हा त्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. एका दीक्षासमारंभाचे वृत्त शोधण्यासाठी पत्राचे, जिल्ह्याचे आणि राज्याचे अशी तीन स्थित्यंतरे ठाऊक असावी लागतात.

ग्रंथालयशास्त्राने या गुंत्यावर दोन तोडगे काढून पाहिले. अमेरिकेतील १९४९ च्या सूचीकरण-नियमांनी सारा इतिहास शेवटच्या नावाखाली घातला, तर १९६७ च्या नियमांनी प्रत्येक नावाला त्याच्या काळापुरती वेगळी नोंद दिली. डॉ. रंगनाथन यांनीही आपल्या सूचीसंहितेत नामांतर, विलीनीकरण आणि विभाजन यांचा वेगवेगळा विचार केला आहे. परंतु ज्ञानकोश म्हणजे सूची नव्हे. त्याला चरित्रही सांगावयाचे असते. आपल्या महसुली दप्तरातील फेरफाराची पद्धत येथे अनुकरणीय वाटते: जमीन तीच राहते, जुन्या खातेदाराचे नाव पूर्वी कंसात जात असे, नव्याचे खाली चढते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो, त्यामुळे हक्क कोणाकडून कोणाकडे आणि कशामुळे गेला, याचा माग कोणासही लागतो. त्याप्रमाणे ‘जनता’ या शीर्षकाखाली सलग चरित्र असावे, ‘प्रबुद्ध भारत’खाली तारखेसह ‘जनता पहा’ असे लिहावे, आणि नाव का बदलले हे मूळ नोंदीत सांगावे. धर्मांतराच्या वर्षीच घेतलेले ते नाव हा चळवळीच्या इतिहासातील एक निर्णय होता. सारे वृत्त नव्या नावाखाली घातले तर १९३० च्या ‘जनता’वर पुढील काळाची छाया पडते, आणि नवे नाव गाळले तर निर्णयच पुसला जातो. अशा नोंदी चार ओळी लांबतात हे खरे. परंतु त्या चार ओळी वाचविण्यासाठी कोशाने इतिहासातील निर्णय गाळणे, हा व्यवहार फार महागात पडणारा आहे.