मत पक्षाचे, शब्द कोणाचे?

होटगी जंक्शनवर सोलापूरहून येणारा लोहमार्ग दुभंगतो: एक फाटा वाडीकडे, दुसरा विजापूरकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. होटगी गाव मुंबई राज्यातच राहिले. ही सीमारेषा संसदेने आखली. ज्यांच्या मतांनी ती आखली गेली, त्यांच्या मतात पक्ष किती आणि माणूस किती, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

पुण्याचे काकासाहेब गाडगीळ काँग्रेसचे खासदार होते. मुंबईच्या प्रश्नावर ते लोकसभेत स्वपक्षाच्या धोरणाविरुद्ध कडाडून बोलले. पक्ष मात्र त्यांनी सोडला नाही. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा त्याग केला. १९५७ मध्ये पुणेकरांनी गाडगीळांऐवजी संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे यांना निवडले. नुसते शब्द मतदारांना पुरले नाहीत, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून त्या काळी सदस्यत्व जात नसे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडून मत देणारा, किंवा मतदान टाळणारा, सदस्य पक्षाने १५ दिवसांत क्षमा न केल्यास अपात्र ठरू शकतो. शिवाय पुष्कळसे निर्णय आवाजी मतदानाने होतात. तेथे कोणाचे नावच नोंदले जात नाही.

तेव्हा मतांच्या नोंदीत आज बहुधा पक्षच भेटतो. प्रतिनिधी शोधायचा तर त्याची भाषणे वाचावी लागतात. ते काम आपल्यासारख्या वाचकांचे आहे. वाचताना १९५७ चा पुणेकर मतदार मात्र विसरू नये.